पहिलीची भाषा: मराठीला एक न्याय, गोंडीला दुसरा?

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे दोन्ही शासन निर्णय आपल्या सरकारने जून २०२५ मध्ये मागे घेतले. त्याआधीचे काही आठवडे राज्यभर एकच म्हणणे ऐकू येत होते: सहा वर्षांच्या लेकरावर भाषांचा बोजा टाकू नका, त्याला आधी घरच्या भाषेत नीट शिकू द्या. मी मराठी भाषक आहे. मी तेव्हाही याच बाजूला होतो, आजही आहे. मग हेच म्हणणे गडचिरोलीत गेल्यावर का बदलते, एवढे विचारण्यासाठी हे पत्र.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंड आदिवासींच्या गोंडी भाषेत शिकवणारी शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि बंद करण्याची नोटीस दिली. आधार शिक्षण हक्क कायद्याचा. त्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. याच कायद्याचे कलम २९ म्हणते, की शिकवण्याचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे. कलम १८ मोडणाऱ्याला लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम २९ पाळले नाही, तर कोणाला साधा खुलासाही द्यावा लागत नाही.

आता संविधानाकडे वळू. अनुच्छेद ३५०-क सांगतो, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यासाठी प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने प्रयत्नशील राहावे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे आपली जिल्हा परिषदच की! ही सोय जिने करायची, ती न झाल्याने गावाने स्वतः केली, तर गावच गुन्हेगार?

हा अनुच्छेद १९५६ साली आला, भाषावार प्रांतरचनेच्या वर्षी. आपल्याला आपले राज्य भाषेच्या आधारावर मिळाले. त्याच आखणीत गोंडी माणूस महाराष्ट्र, मध्य प्रदेश, आंध्र, ओडिशा असा वाटला गेला (पुढे छत्तीसगड आणि तेलंगणाही झाले) आणि सगळीकडेच अल्पसंख्य ठरला. २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली भाषा नोंदवली. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, ती अजून नाही. आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांनी १९४९ सालीच संविधान सभेत मुंडारी आणि गोंडी या भाषांना त्या यादीत घेण्याचा आग्रह धरला होता. पण तो प्रश्न दिल्लीचा, आपल्या टेबलावर आणत नाही. ३५०-क ला अनुसूचीची अट नाही. आणि भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्याच्या पातळीवर पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले आहे. त्या हिशेबाने महाराष्ट्रात गोंडी, कोरकू, कोलामी आणि भिली बोलणाऱ्यांचा दर्जा वादाचा राहत नाही.

‘मराठी आली नाही तर ही मुले मागे पडतील,’ असे आपले अधिकारी म्हणतील. मराठी शिकू नये असे म्हणतेय कोण? शाळेची मराठी ज्याला कळत नाही, ते मेळघाटातले कोरकू मूल पहिलीत फळ्यावरची अक्षरे उतरवून काढते, त्यांचा अर्थ त्याला लागत नाही. पुढे त्याच मुलावर ‘अभ्यासात कच्चा’ असा शिक्का बसतो. वाचन म्हणजे काय हे एकदा आपल्या भाषेत उमगले, की दुसरी भाषा त्यावर चढते. हिंदीच्या वादात हेच तर आपण सगळे सांगत होतो.

पुस्तके नाहीत, शिक्षक नाहीत, लिपी ठरलेली नाही, या अडचणी खऱ्या आहेत. लिपीचा वाद गोंडी समाजाला सोडवू द्या, त्यात मंत्रालयाने पडू नये. बाकीचे ओडिशाने करून दाखवले आहे. तिथे २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांपासून सुरुवात झाली, आज एकवीस भाषांत प्राथमिक वर्गांचे काम चालते. ओडिशा आपल्याहून श्रीमंत राज्य नाही.

कायद्याची अडचण सांगितली जाईल, तर संविधानाची पाचवी अनुसूची उघडून पाहावी. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे तिच्याखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागात, एखादा कायदा कसा लागू व्हावा, हे बदलण्याचा अधिकार राज्यपालांना आहे. महाराष्ट्रात २०२० साली वनहक्क कायद्याबाबत तो वापरलाही गेला. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांनी काढलेल्या मातृभाषेच्या शाळांसाठी मान्यतेचे वेगळे निकष याच मार्गाने करता येतील. तसा प्रस्ताव आपल्या विभागाने राज्यपालांकडे पाठवावा. तोवर अशा कोणत्याही शाळेला नोटीस देऊ नये.

आणखी एक. गडचिरोली, अमरावती, नंदुरबार, यवतमाळ आणि पालघर या पाच जिल्हा परिषदांनी ३५०-क खाली आजवर काय केले, ते येत्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवावे: किती शाळा, कोणती भाषा, ती भाषा बोलणारे किती शिक्षक. आकडा शून्य असेल तर शून्यच छापावा.

आपला,
एक मराठी भाषक नागरिक