अण्णांच्या प्लेटलेट

प्रिय मंदा,

चार महिने पत्र नाही. तू रागावली असशील आणि तुझं बरोबर आहे. माझं ठीक, गुडघा तसाच. आज लिहायला बसले ती तू कळवलेल्या अण्णांच्या रक्ताच्या रिपोर्टमुळे. हिमोग्लोबिन 13.1, पांढऱ्या पेशी 6,800, प्लेटलेट 48,000. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारे कण, आणि ते कमी आहेत. तुझी झोप उडाली ती या शेवटच्या आकड्याने, मी मात्र आधी पांढऱ्या पेशी पाहिल्या.

तांबड्या पेशी (हिमोग्लोबिन त्यांच्यातच असतं), पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, या तिन्ही एकाच मूळपेशीच्या लेकी. मोठेपणी त्या कमरेची हाडं, मणके, बरगड्या आणि छातीचं हाड यांच्या मज्जेत घडतात. मज्जाच थकली तर सहसा तिघी घटतात, पण एकदम नाही. तांबडी पेशी 120 दिवस जगते, म्हणून हिमोग्लोबिन उशिरा पडतं. त्यावर विसंबू नकोस. प्लेटलेटचं आयुष्य 7 ते 10 दिवस. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तर रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, आणि अण्णांच्या पांढऱ्या पेशींत त्या 62 टक्के, म्हणजे भरपूर आहेत. मज्जेवरचा संशय यामुळे कमी होतो. संपत नाही, हेही खरं.

प्लेटलेट ही अख्खी पेशी नसतेच गं. मज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाची धिप्पाड पेशी असते. ती आतल्या आत डीएनए दुप्पट-चौपट करत जाते, पण दुभंगत नाही. मग रक्तवाहिनीच्या भिंतीतून लांब दोरे आत सोडते आणि वाहत्या रक्तात त्यांचे तुकडे पडतात, एकीचे हजारो. त्या तुकड्यांनाच आपण प्लेटलेट म्हणतो. हे काम करून घेणारं थ्रोम्बोपोएटिन नावाचं संप्रेरक यकृत बनवत राहतं. प्लेटलेट ते शोषून घेतात. त्या घटल्या की उरलेलं मज्जेला मिळतं आणि उत्पादन वाढतं. यात लोहाच्या गोळ्यांनी काही साधत नाही. तू पुन्हा "रक्त वाढवायला लोह" म्हणशील आणि आपलं कॉलेजातलं भांडण पुन्हा पेटेल! लोह हिमोग्लोबिनसाठी. बी-12 किंवा फोलेट कमी असेल तर मात्र प्लेटलेटही घटतात, ती तपासणी करून घे.

त्याआधी एक गोष्ट. रक्त तपासायला घेतात त्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. त्यामुळे काहींच्या प्लेटलेट नळीतच एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्यांचे गठ्ठे मोजता येत नाहीत. शरीरात त्या पुरेशा असतात, कागदावर कमी दिसतात. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजायला सांग. त्या नळीतल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून तिथला आकडा 1.1 ने गुणतात. काचपट्टीवर डोळ्यांनीही पाहायला लाव. आकडा खराच निघाला तर पोटाची सोनोग्राफी. एरवीही एक तृतीयांश प्लेटलेट प्लीहेत (पोटातल्या पाणथरीत) असतात. प्लीहा सुजली की ती आणखी खूप अडकवून ठेवते, आणि त्यामागे बहुधा यकृताचा आजार असतो. तोही नसेल तर औषधं, विषाणू, किंवा शरीरच प्लेटलेटना मारतंय, हे डॉक्टर एकेक करून पाहतील.

प्लेटलेट चढवायचा हट्ट धरू नकोस. रक्तस्राव नसेल तर साधारण 10,000 च्या खाली गेल्यावर त्या देतात, आणि दिलेल्या काही दिवसच टिकतात. दुखण्यावर आयबुप्रोफेन नको. अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार. काळी शौच, असह्य डोकेदुखी, पायांवर बारीक लाल ठिपके, यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी त्यांना घेऊन दवाखान्यात निघ.

चिनूचा निकाल लागला का? घराचं काम? सगळं सविस्तर लिही, पण आधी दुसऱ्या नळीचा आकडा कळव.

तुझी,
सुमन