शूलपाणीच्या झाडीत एकट्याने चालणाऱ्याला अडवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

देवउठनी म्हणजे कार्तिकी एकादशी जवळ आली की नर्मदा परिक्रमेच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांच्या जोडीला एक सल्लाही ऐकू येतो: एकट्याने जाऊ नका, बाईमाणसाने तर मुळीच नको, गटातून जा. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर पायी परिक्रमा केली, आणि एकटीने केली. या सल्ल्याला माझा विरोध आहे. सगळे बोलतात ते चालणाऱ्याच्या जिवाबद्दल. ज्यांच्या ओसरीवर तो रात्री पथारी टाकणार, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. शूलपाणीच्या झाडीतल्या पाड्याला एक पाहुणा झेपतो, तीस झेपत नाहीत.

ज्यांनी परिक्रमा केलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. तिला उजव्या हाताला ठेवून, पात्र कुठेही न ओलांडता दोन्ही काठ चालायचे, म्हणजे २६०० किलोमीटरच्या वरच जातं. ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने निघालं की बडवानीनंतर सातपुड्याचे डोंगर नदीला येऊन भिडतात. तीच शूलपाणीची झाडी. इथे भिल्ल लोक परिक्रमावासीयाला लुटून लंगोटीवर सोडायचे, या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या. ती लूट कधीच थांबली, पण तिची भीती अजून शहरातल्या घराघरात आहे. मला निरोप द्यायला आलेल्या प्रत्येकाने तीच गोष्ट सांगितली.

आता लुटलं गेलेलं कोण, हे तिथे चालल्यावर दिसतं. सरदार सरोवराने काठाची जुनी वाट गिळली. जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ पाण्याखाली गेलं, नवं गोरा गावी बांधलं. हापेश्वराचं जुनं देऊळही बुडालं. महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांमधली ३३ गावं बुडिताच्या यादीत आली. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली आणि २०१७ साली ते राष्ट्राला अर्पण झालं. काही कुटुंबं पुनर्वसनात सपाटीवर गेली, काही डोंगरात वर सरकली. परिक्रमेची वाटही त्यांच्यासोबत वर सरकली. म्हणजे आज आपण पुण्य मिळवायला ज्या डोंगरांतून जातो, तिथे जमीन गेलेली माणसं राहतात, आणि आपल्याला भाकरी तीच वाढतात.

भादलवरून महाराष्ट्रात शिरल्यावर बिलगाव, धडगाव करत पुढे गुजरातेतल्या माथासरपर्यंत मी अशा कितीतरी ओसऱ्यांवर निजले. आश्रमात विचारतात तोच प्रश्न इथल्या घरातही कानावर येई, “किती मूर्ती?”, म्हणजे किती माणसं. मी “एक” म्हटलं की घरातल्या बाईचा चेहरा मोकळा व्हायचा. एका माणसासाठी तिला वेगळं काही रांधावं लागत नाही. चुलीवर मक्याची नाहीतर ज्वारीची भाकरी चालूच असते, त्यात एक वाढते, उडदाच्या डाळीत जरा पाणी वाढतं. एका घरी सासू आणि सून दोघी मिळून खालून पाणी आणत होत्या. खाली जलाशय तुडुंब भरलेला, आणि वरच्या पाड्यावर नळ नाही. उभा उतार उतरून झऱ्यावर जायचं आणि डोक्यावर हंडे घेऊन तोच चढ चढायचा. त्या पाण्यातला एक तांब्या माझे पाय धुवायला दिला. मी नको म्हटलं. सासूबाई ऐकेनात. “मैयाच्या वाटेवरचे पाय आहेत,” म्हणाल्या.

पुढच्याच मुक्कामाच्या अलीकडे एक गट भेटला. जीपने सामान पुढे पाठवणारा, गणवेशाच्या टोप्या घातलेला. माणसं चांगली होती, भक्तीनेच आली होती. पण रात्री जीप चिखलात अडकली, शिधा पोचला नाही, आणि एवढी सगळी मंडळी एका पाड्यावर टेकली. चार घरांनी आपापल्या कणग्या मोकळ्या केल्या. कुणी तक्रार केली नाही, कारण दारात “नर्मदे हर” म्हणणाऱ्याला उपाशी पाठवायचं नाही ही त्यांची रीत आहे. त्या रीतीवर किती भार टाकायचा, हे आपण ठरवायला हवं. सदावर्त म्हणजे परिक्रमावासीयाला द्यायचा कोरडा शिधा. तो देणारे आश्रम आणि सधन गावं मध्य प्रदेशात आणि गुजरातेत भरपूर आहेत. पाड्यावरच्या चार घरांकडून तीच अपेक्षा धरणं मला पटत नाही.

वाटेवरची पोरं हा माझ्या काळजीचा दुसरा विषय. डोंगराच्या वळणावर दहाबारा पोरं हात पसरून उभी असतात, गोळी द्या, बिस्कीट द्या. हे त्यांना आपणच शिकवलं. मोठ्या गटांमागून पोतीच्या पोती चॉकलेटं आणि जुने कपडे येतात, फोटो निघतात, वेष्टनं ओढ्यात पडतात. मी आयुष्यभर लसीकरणाला आणि वजनं घ्यायला पाड्यांवर फिरले आहे. रक्त कमी असलेल्या, अंगावर खरूज उठलेल्या पोराच्या हातावर साखरेची गोळी ठेवून आपण त्याचं काहीच भलं करत नाही, उलट शाळेच्या वेळी त्याला रस्त्यावर आणून बसवतो. द्यायचंच असेल तर तिथल्या शाळेतल्या गुरुजींना विचारून वह्या द्या.

आता एकट्याच्या सुरक्षिततेबद्दल. या डोंगरांत एकटं माणूस सगळ्यांच्या नजरेत असतं. मी एका टेकडीवरून निघाले की पुढच्या टेकडीवर ते आधीच ठाऊक असायचं. उजाडल्यावर निघायचं, ऊन कलायच्या आत जिथे घर दिसेल तिथे थांबायचं, आणि निघताना आज कुठे पोचणार हे घरधन्याला सांगून ठेवायचं, एवढं मी पाळलं. खरी अडचण वाट चुकण्याची आहे. इथली घरं गावठाणात एकाला एक लागून नसतात. ज्याचं शेत ज्या टेकडीवर, त्याचं घर तिथेच. त्यामुळे पायवाटेला पावलोपावली फाटे फुटतात आणि बहुतेक फाटे कुणाच्या तरी अंगणात जाऊन संपतात. कितीदा तरी शेतातलं काम टाकून एखादा मुलगा मला खिंडीपर्यंत सोडायला आला. त्याची ती मजुरी बुडाली, हे मला जाणवत होतं. पैसे एकानेही घेतले नाहीत. मग मी घरातल्या बाईच्या हातात तिखट-मीठ-तेलाची पिशवी ठेवू लागले, आणि ज्यांना दुखणंखुपणं होतं त्यांच्या जखमा बांधून दिल्या. सर्वात जास्त बायका आल्या त्या कंबरदुखी आणि थकव्यासाठी. जलाशयाकाठच्या गावांना तरंगता दवाखाना आहे, ती फार मोलाची सोय आहे. पण वरच्या पाड्यावरून बाळंतीण बाईला खाली आणायचं तर बांबूला झोळी बांधून चौघांनी खांदा द्यावा लागतो.

म्हणून माझं मागणं असं आहे. परिक्रमेला माणसं पाठवणाऱ्या आयोजकांनी झाडीतले मुक्काम आश्रमातच ठेवावेत, शिधा आणि पाणी स्वतःचं न्यावं, आणि गट मोठा असेल तर तो फोडून चारपाच जणांनी दिवसाच्या अंतराने चालावं. नंदुरबार जिल्हा प्रशासनाने आपल्या हद्दीतल्या फाट्यांवर दगडांवर रंगाने बाण काढून घ्यावेत, आणि ते काम पाड्यावरच्याच मुलांना मजुरी देऊन करावं. वाट त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. डांबरी रस्ता व्हावा की नाही, हे मी सांगणार नाही. तो पाड्यांचा प्रश्न आहे, आणि झोळी ज्यांच्या खांद्यावर असते त्यांनी तो मागितला तर तो त्यांना मिळायलाच हवा, परिक्रमावासीयांना जंगलाची शांतता हवी म्हणून अडता कामा नये.

यंदा जे एकटे निघणार असतील, त्यांनी तेल, मीठ, डाळ बडवानीतच घ्यावी. पुढे धडगावपर्यंत मोठा बाजार नाही. पायाला फोड आला तर त्यातून सुईदोरा ओवून ठेवू नये, त्या दोऱ्यानेच पू होतो. स्वच्छ पट्टी बांधून एक दिवस थांबावं. घरचे थांबायला सांगतात तेव्हा संकोच करू नये, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासोबत झऱ्यावर जाऊन एक हंडा आपणही भरून आणावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
जि. सातारा