खुर्चीचं माप

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लॅपटॉपच्या कामासाठी आलेली चाकांची खुर्ची जोडून झाली. फोनवर एवढंच बोलले, कारण तुझी मीटिंग सुरू होती. बाकीचं नीट सांगायचं आहे म्हणून लिहिते. तू घटस्थापनेला येशील तेव्हा मी ब्लाउजांच्या गर्दीत असेन, आणि त्या खुर्चीवर बसायच्या आधी तुला हे माहीत पाहिजे.

खोकं गावापर्यंत आलं नाही, दारव्ह्यातच पडून राहिलं. बाबा सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणून दादा जाऊन ऑटोच्या टपावर बांधून घेऊन आला. आतल्या कागदावर नुसती चित्रं होती. मी सगळे बोल्ट ताटात काढले, लांबीप्रमाणे वेगळे केले आणि चित्रातल्या संख्येशी ताडून पाहिले. हे आधी केलं ते बरं झालं, कारण पाठीचे बोल्ट आणि हातांचे बोल्ट दिसायला सारखेच, लांबीत मात्र अर्ध्या इंचाचा फरक.

चाकं सोपी. पाच पायांच्या तळाला भोकं असतात, त्यात दाबली की टक्‌ करून बसतात. फिरती खुर्ची चार पायांवर असली तर माणूस बाजूला झुकल्यावर कलंडू शकते, म्हणून पाच पाय. मग मधल्या भोकात तो गॅसचा दांडा उभा करायचा. त्याला एकही स्क्रू नाही. दादा हातोडी घेऊन आला होता, मी हात धरला. दांडा निमुळता असतो, आपण वर बसलो की वजनानंच घट्ट होतो. आत दाबून भरलेला नायट्रोजन असतो, त्याच्यावर ठोकाठोकी करायची नाही, तो उघडायचा नाही आणि खुर्ची उन्हात तापत ठेवायची नाही. दांड्याच्या टोकावर प्लास्टिकची टोपी होती, ती आधी काढली. ती राहिली असती तर आतलं बटण दाबलंच गेलं नसतं आणि खुर्ची वरखाली झाली नसती.

चूक झाली ती सीटखालच्या लोखंडी पेटीपाशी. पहिला बोल्ट मी पूर्ण आवळला, दुसराही आवळला, आणि चौथं भोक जुळेचना. जुळवता जुळवता अर्धा तास गेला. मग लक्षात आलं की हे तर बाही लावण्यासारखं आहे. बाही कधी एकदम पक्की शिवतो का आपण? आधी कच्चा टाका, मग सगळी बाही बसली की शिलाई. सगळे बोल्ट ढिले केले, चारही हातानंच दोन-तीन आटे फिरवले, आणि मग एलन की, म्हणजे ती वाकडी षटकोनी किल्ली, घेऊन समोरासमोरचे आवळत गेले. प्रत्येक बोल्टाला स्प्रिंग वायसर डोक्याकडे आणि सपाट वायसर त्याच्या खाली. पेटीवरचा बाण सीटच्या पुढच्या कडेकडे हवा, तोही मी आधी उलटा धरला होता. तू आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळू, नवीन असताना ते थोडे सैल पडतात.

आता मुख्य गोष्ट. खुर्ची महागाची आहे म्हणून पाठ बरी होईल असं मनात धरू नकोस. तयार ब्लाउज कितीही भारी असो, खांदा उतरला तर उतरलाच. खुर्ची तुझ्या मापाची करावी लागते, आणि तुझी मापं माझ्याकडे आहेत.

वही काढली. मागच्या वर्षी सलवार शिवली तेव्हा गुडघ्याखालचं माप लिहून ठेवलं होतं. टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत 16 इंच. टेप लावून पाहिलं तर खुर्ची पार खाली केली तरी सीट साडेसतरा इंचांवर. म्हणजे तुझे पाय लोंबकळणार. त्यात आपलं टेबल 30 इंचांचं, तिथं हात टेकवायचा तर खुर्ची आणखी वर न्यावी लागणार आणि पाय आणखी वर राहणार. पाय लोंबले की सीटची कड मांडीत रुतते, मग मुंग्या येतात. गेल्या वेळी तू दिवाणावर उशा रचून लॅपटॉप मांडीवर घेतलास आणि शेवटी यवतमाळच्या डॉक्टरांकडे जावं लागलं, ते मला परत नको आहे.

म्हणून सुतारभाऊंना बोलावून टेबलाचे चारही पाय 2 इंच कापून घेतले. टेबल आता 28 इंच. तुझं बसल्यावर सीटपासून कोपरापर्यंतचं माप मी 9 धरलं, तशी सीट 19 वर ठेवली आहे. पायाखाली 3 इंचांचा पाट येईल, देवघरातला नको, माजघरातला जुना. 16 आणि 3 मिळून 19, जुळलं. पण 9 चा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, बसल्यावर स्वतः पाहा. खांदे सैल सोडले की कोपर काटकोनात राहून हात टेबलावर यायला पाहिजे. खांदा कानाकडे चढत असेल तर खुर्ची अजून खाली आहे. ती वर घेताना सीटखालची दांडी ओढून जरा उठावं लागतं, बसून ओढली तर खालीच जाते.

पाठीचा फुगवटा कुठं ठेवायचा ते सोपं आहे. सलवारचा नाडा जिथं बांधतेस त्याच्या किंचित वर. मागं टेकलीस की तो कमरेच्या खळगीत भरला पाहिजे, पाठीला ढकलू नये. सीटची पुढची कड आणि गुडघ्यामागची घडी यांत दोन-तीन बोटं जावीत, नाही गेली तर मी एक छोटं लोड शिवून पाठीमागं देईन. हातांच्या दांड्या कोपराला नुसत्या लागतील इतक्याच उंच ठेव. सीटखाली एक गोल मूठ आहे, ती पाठीचा ताण कमी-जास्त करते. तू अंगानं हलकी, म्हणून मी ती बरीच सैल केली आहे. मागं रेललीस की पाठ तुझ्यासोबत यावी, धक्का देऊन परत फेकू नये.

लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड घेऊन ये, विसरू नकोस. लॅपटॉप मी कापडाच्या पत्र्याच्या डब्यावर ठेवणार आहे, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते. खाली ठेवला तर मान वाकलीच. कीबोर्ड नसला तर बाकी सगळं मोजमाप वाया जाईल.

खुर्ची माझ्या शिवणाच्या खोलीत आणू नकोस. तिथं धाग्यांचे तुकडे असतात, चाकांच्या आसाला गुंडाळले की चाक फिरत नाही. आले तर सुईनं काढता येतात, पण आणूच नकोस.

आणि उठत जा. मी बॉबिन संपली की उठते, अंगणात एक चक्कर मारून मगच नवीन भरते. हे मला पंचवीस वर्षं मशीनवर बसल्यावर, कंबर धरल्यावर सुचलं. तुझ्याकडे बॉबिन नाही, तर पाण्याचा पेला लहान घे आणि माठ स्वयंपाकघरातच राहू दे. अर्ध्या तासात उठणं झालंच पाहिजे.

एक राहिलं. तुझी मापं घेता घेता मी माझ्याही स्टुलाला टेप लावला. मशीनच्या पाट्यापेक्षा तो इतका खाली आहे की शिवताना माझे दोन्ही खांदे सारखे वर चढलेले असतात. इतक्या वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं. टेबलाच्या पायांचे कापलेले चार तुकडे सुतारभाऊंनी फेकायला ठेवले होते. ते स्टुलाच्या पायांखाली ठोकून घेतले, बरोबर 2 इंच. आज त्यावर बसून चार ब्लाउज शिवले.

एलन की बॉबिनच्या डब्यात आहे. बाबांनी विचारलं आहे, दारव्ह्याला किती वाजता उतरशील.

तुझी आई