मिक्सरमागे बसणाऱ्या दादांस, आभारपूर्वक

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला घरी पाठवता आले असते. परंतु तुमचे काम भर मैदानात, शेकडो श्रोत्यांच्या देखत चालते आणि तरीही ते त्यांच्यापैकी फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून त्याबद्दलचे आभार तरी चारचौघांत मानावेत, असे मनापासून वाटले. सांगलीतल्या आमच्या दिवाळी पहाटेची ध्वनिव्यवस्था तुम्ही गेली अनेक वर्षे सांभाळत आहात. त्या व्यासपीठावर बसून गाणारी एक गायिका या नात्याने तुमच्या कामातले जे मला जवळून पाहता आले आणि हळूहळू समजत गेले, ते येथे लिहिते आहे.

सहा वाजता सुरू होणाऱ्या मैफलीची तयारी पहाटेच होत असेल, अशी बहुतेकांची समजूत असते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. त्यामुळे तुमचे सारे जुळवाजुळवीचे काम आदल्या संध्याकाळी दहाच्या आत पुरे व्हावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी मांडववाले, रोषणाईवाले आणि रांगोळी काढणारी मंडळी मैदानात असतात. एके ठिकाणच्या आयोजकांनी तर सजावटीचे काम लांबल्यामुळे तुमच्या वाट्याची जवळजवळ सगळी वेळ खाऊन टाकली होती. तुम्ही आवाज न चढवता, उरलेल्या वेळेत काय करता येईल तेवढेच बोललात. रात्री दव पडते, म्हणून दमटपणाने बिघडणारे नाजूक कंडेन्सर माइक उतरवून आत ठेवायचे, स्पीकर आणि केबलचे जोड प्लॅस्टिकने झाकायचे, आणि पहाटे चारला येऊन एकेक तार पुन्हा जोडत केवळ हेडफोनवर तपासायची. सहाच्या ठोक्याला जेव्हा पहिला षड्ज, म्हणजे 'सा', मैदानात जातो, तेव्हा पुन्हा जोडलेल्या तारांमधून तो तुम्हीही स्पीकरवर प्रथमच ऐकत असता. एवढी जोखीम पत्करून शांत बसणे मला जमले नसते.

तुमच्याबरोबरच्या पहिल्याच साउंड चेकला तुम्ही मला जे सांगितलेत, ते तोपर्यंत कुणी सांगितले नव्हते. एरवी आम्हाला म्हणतात, जरा मोठ्याने गा, तारसप्तकात जा, म्हणजे आवाजाची वरची मर्यादा कळते. तुम्ही म्हणालात, "ताई, तुमचा सगळ्यात बारीक आवाज आधी ऐकवा, मोठ्याचं मी बघून घेतो." मी ललत या पहाटेच्या रागातली, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषादावरून कोमल रिषभ घेत गंधारावर येणारी जागा अगदी हळू म्हटली, आणि तुम्ही ती पुनःपुन्हा म्हणायला लावून माइकची उंची बोट-दोन बोटांनी बदलत राहिलात. त्या दिवसापासून मी व्यासपीठावर हळू गायला धजू लागले.

तानपुऱ्यांची गोष्ट तर विस्ताराने सांगितलीच पाहिजे. माझी पट्टी काळी चार, म्हणजे माझा 'सा' पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. त्यामुळे तानपुऱ्यातली खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची तार साधारण 104 हर्ट्झवर (सेकंदाला 104 कंपनांवर) बोलते. मिक्सरवर खालचा गोंगाट कापणारे जे बटण असते, ते पुष्कळदा 80 किंवा 100 हर्ट्झवर ठरवलेले असते आणि सवयीने सगळ्याच माइकना लावले जाते. ते 100 वर लागले की खर्जाचा पायाच पातळ होतो. तुम्ही तानपुऱ्याच्या माइकला ते लावत नाही. त्याहून सूक्ष्म गोष्ट गंधाराची. उत्तम जवारी (घोडीवर तार झणझणती ठेवणारी रचना) लागलेल्या मिरजेच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून आपोआप जो गंधार उमटतो, तो तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट, म्हणजे माझ्या पट्टीत सुमारे 519 हर्ट्झवर असतो. एका वर्षी मॉनिटरमधून, म्हणजे आम्हाला आमचाच आवाज ऐकवणाऱ्या व्यासपीठावरच्या स्पीकरमधून, बरोबर तेथेच शिट्टी येऊ लागली. आवाजातले वेगवेगळे भाग कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरवरची 500 ची सरकपट्टी खाली ओढली असती, तर शिट्टी क्षणात थांबली असती आणि तिच्याबरोबर तो गंधारही गेला असता. तुमच्या मदतनिसाचा हात तिकडे गेलेलाही मी पाहिला. तुम्ही त्याला थांबवलेत, व्यासपीठावर चढून आलात, मॉनिटर माइकच्या पाठीमागच्या बाजूला वळवून ठेवलात, तानपुऱ्याचा माइक भोपळ्याच्या थोडा जवळ नेलात आणि त्या सरकपट्टीला हात न लावता परत गेलात. ललतात शुद्ध गंधार लावताना आम्ही ज्याचा आधार घेतो, तो तुम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसून राखलात, आणि त्याबद्दल अवाक्षर काढले नाहीत.

दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरमुळे येणाऱ्या घरघरीबाबतही तुमची चिकाटी मी पाहिली आहे. वीज 50 हर्ट्झची, तिची दुप्पट 100; म्हणजे ती घरघर माझ्या खर्जाच्या किंचित खाली बसते आणि सुरेल लावलेले तानपुरेही उतरल्यासारखे भासतात. साथीदार तारा पिळत बसतात आणि दोष तारांचा नसतोच. यासाठी तुम्ही रोषणाईची आणि ध्वनीची वीज वेगवेगळ्या फेजवर घेण्याचा आग्रह धरता, अर्थिंग स्वतः तपासता आणि विजेच्या तारांशेजारून माइकच्या तारा जाऊ देत नाही. लोकांना हा हट्ट वाटतो. मला ती सुरांची काळजी वाटते.

मागच्या रांगांत बसणाऱ्यांसाठी तुम्ही मैदानाच्या मध्यावर जे जादा स्पीकर उभे करता, त्यांचे गणित एकदा तुम्ही मला समजावून सांगितलेत. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणून 34 मीटरवरच्या श्रोत्याला व्यासपीठावरची थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचते, तर तारेतून जाणारा संदेश तेथे तत्काळ हजर असतो. द्रुत तराण्यात मिनिटाला 300 मात्रा झाल्या, तर सेकंदाचा दहावा भाग म्हणजे अर्धी मात्रा, आणि प्रत्येक बोल दोनदा ऐकू येऊन तबलजींची सारी मेहनत मातीमोल व्हायची. तुम्ही मधल्या स्पीकरना तेवढा विलंब लावता आणि वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद घालता, जेणेकरून श्रोत्याच्या कानाला गाणे खांबावरून येते आहे असे न वाटता समोरून, आमच्याकडूनच येते आहे असे वाटावे. तिकिटाशिवाय मागे उभे राहून ऐकणाऱ्या माणसालाही तबला स्वच्छ मिळावा, ही तुमची धडपड मला फार मोलाची वाटते.

आणि मैफल चालू असताना तुमचे बोट फेडरवरून, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणावरून, हलत नाही. आवाजाची चढउतार कॉम्प्रेसर या ती आपोआप आवरणाऱ्या यंत्रावर सोपवून निवांत बसता येते. परंतु मग मंद्रातली कुजबुज आणि तारसप्तकातली तान एकाच जाडीची होते आणि ख्यालातला श्वासच नाहीसा होतो. तुम्हाला बंदिशी पाठ आहेत. अंतऱ्याच्या तार षड्जाआधी फेडर किंचित उतरतो आणि आलापाकडे परतताना अलगद वर येतो, हे मला पुढे ध्वनिमुद्रण ऐकताना कळले, कारण गाताना ते जाणवतच नाही. मी भान हरपून माइककडे झुकते, अंतर निम्मे होते, आवाज सहा डेसिबलने चढायला हवा. तो चढत नाही, कारण तुम्ही माझ्या मानेकडे पाहत असता.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवायला गायकनटांना आवाज फेकावाच लागे, आणि त्या ताकदीबद्दल मला नितांत आदर आहे. माझा आवाज त्या जातीचा नाही. माझ्यासारख्या नाजूक गळ्याच्या कितीतरी गायिका आज मोकळ्या मैदानात ख्याल मांडू शकतात, त्याचे श्रेय गुरूंइतकेच तुमच्यासारख्या जाणत्या ध्वनिसंयोजकांना आहे, असे मी जबाबदारीने म्हणते.

तुमच्याबरोबर येणाऱ्या दोन्ही मुलांनाही माझे आभार सांगा. श्रोते घरी फराळाला पोहोचलेले असतात, तेव्हा ती दोघे उन्हात बसून दवाने ओल्या झालेल्या केबल पुसून, पीळ न पडू देता गुंडाळत असतात.

एक विनंती आहे. यंदाच्या निमंत्रणपत्रिकेवर साथीदारांच्या नावांच्या ओळीतच तुमचे आणि तुमच्या दोन्ही मदतनिसांचे नाव छापायचे, असे मी संयोजकांकडे बोलले आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले. पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी तिघांचीही पूर्ण नावे कृपया कळवावीत. तुम्ही नेहमीप्रमाणे "राहू द्या हो" म्हणाल. या वेळी ते ऐकणार नाही.

आपली कृतज्ञ,
दिवाळी पहाटेची एक गायिका