नवतप्याची वाट कशाला पाहायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बाळापूर तालुक्यात हरभऱ्याची सोंगणी आटोपत आली आहे. सोंगणी पहाटेच करतात, कारण ऊन चढलं की घाटे तडकून दाणे गळतात. मळणीचं उलट. माल कडक वाळलेला असला की ती सोपी जाते, म्हणून थ्रेशर नेमकं भर दुपारी चालतं. गेल्या आठवड्यात आमच्याच शेतात थ्रेशरवरच्या साठीतल्या काकांचा तोल गेला. "मले काही नाही झालं भाऊ, जरासाक बसतो," असं म्हणत होते, पण जीभ अडखळत होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. निंबाखाली नेऊन दुपट्टे भिजवले, मानेला, काखेत ठेवले, अंगावर पाणी मारत राहिलो आणि 108 ला फोन केला. काका वाचले. दवाखान्यातल्या लोकांनी धावपळ केली, पण उष्माघाताची खोली अजून उघडलेलीच नव्हती. ती एप्रिलात सुरू होते, असं कळलं.

माझं म्हणणं एवढ्यासाठीच आहे. आपल्या वऱ्हाडात उन्हाची सगळी तयारी मे महिना डोळ्यांसमोर ठेवून होते. 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, तेव्हा न सांगताही माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. तोवर अंगालाही सवय झालेली असते. ऊन सोसायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. मार्चमध्ये ही सवय कुणालाच नसते. परवापर्यंत पहाटे शाल घेणारा माणूस आज उन्हात उभा असतो. म्हणून पहिलं ऊन जास्त बाधतं.

इशाऱ्याची वाट पाहत बसावं, तर तिथेही अडचण आहे. मैदानी भागात पारा किमान 40 वर आणि नेहमीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त असला, की साधारणपणे उष्णतेची लाट धरतात. अकोल्यात मार्चअखेर पारा चाळिशीला टेकला तरी तो या हिशेबात बसेलच असं नाही. शिवाय हवामान खात्याचा तापमापी झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. थ्रेशरवरच्या माणसाला सावली कुठली? वर मशीनची धग आणि नाकातोंडात कुटार, म्हणजे मळणीचा भुसा.

आणि हे एखाद्याच वर्षाचं राहिलेलं नाही. दिवसाचं सरासरी कमाल तापमान पाहिलं तर मार्च 2022 हा देशातला 1901 पासून तोवरचा सर्वांत उष्ण मार्च होता. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीनं तसाच उच्चांक केला. त्याच 2023 साली नवी मुंबईतल्या खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघातानं 14 जण गेले तो दिवसही 16 एप्रिलचा होता, वैशाख वणव्याचा नव्हे.

उष्माघाताच्या खोल्या 1 मार्चलाच उघडाव्यात. पंखा, बर्फ, सलाईन आणि खाट, फार काही लागत नाही. पाणपोया आपल्याकडे गुढीपाडव्याला नाहीतर अक्षय तृतीयेला बसतात. पुण्य त्या दिवशीचं खरं, पण एसटी स्टँडवर आणि आठवडी बाजारात रांजण आत्ताच भरले तर ते कमी होणार नाही. थ्रेशरवाल्यांना आणि माझ्यासारख्या शेतमालकांनाही विनंती आहे: बारा ते चार मशीन बंद ठेवा. त्या चार तासांची मजुरी मात्र कापू नका. ती कापली तर मजूर स्वतःहूनच उन्हात उभा राहील. आमच्या काकांनी तिसऱ्या दिवशी घरी आल्याबरोबर पहिली चौकशी बुडालेल्या रोजाचीच केली. आम्ही तो दिला. मशीन आता सकाळी सातला लावतो, माल थोडा ओलसर असला तरी चालवून घेतो.

आपला,
एक शेतकरी, ता. बाळापूर, जि. अकोला