पिंग जातंय, बिल येत नाही

प्रिय बाळ्या,

एवढं लांबलचक पत्र बघून कुणीतरी गेलं असं वाटेल तुला. कुणी गेलेलं नाही. आईची शुगर आहे तिथेच आहे, माझी पाठही. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू "थांब, फवारणीवाले आलेत" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहायला बसलो. शिवाय हे कळेल असा ओळखीत एकच माणूस उरलाय आणि तो देवगडात बसून तुडतुडे मोजतोय. बायकोला सांगून पाहिलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वायफाय बंद आहे का?"

तर झालं असं. आपल्या दूध संघाचं डोंगराकडचं शीतकरण केंद्र, तू जिथे शेणात पाय घसरून आडवा झाला होतास ते, तिथली लीज लाइन, म्हणजे भाड्याची स्वतंत्र लाइन, काढली. परवडत नाही म्हणे. त्याजागी ब्रॉडबँड घेतलं आणि त्यावरून मुख्यालयापर्यंत टनेल टाकला, म्हणजे इंटरनेटमधूनच आपली खासगी वाट. बाकीची केंद्रं अजून जुन्याच लाइनवर आहेत, एप्रिलपासून एकेक हलवायची आहेत. हे पहिलं.

आणि पहिल्याच दिवसापासून रड. सकाळ-संध्याकाळचं संकलन बिनबोभाट चढतंय. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), सगळं इकडे येतंय. टँकरच्या पावतीचा फोटोसुद्धा चढतो. पण दहा दिवसांचं बिल उघडायला जा, की पांढरा पडदा. लॉगिन होतं, केंद्राचं नाव येतं, यादी मागितली की चक्र फिरत बसतं ते बसतंच. पिंग मारावं, म्हणजे "आहेस का" म्हणून पलीकडे हाक द्यावी, तर एकदम झकास, एक पॅकेट गळत नाही.

तुला उत्तर कळलंय, माहितीय मला. गप्प बस आणि ऐक.

साहेबांचा निकाल लगेच तयार: "पिंग जातंय ना? मग लाइन ठीक आहे, फायरवॉल ठीक आहे, सर्व्हर ठीक आहे. पोरानं केबल नीट मारली नसणार." पोरगा म्हणजे सुहास. तू गेल्यावर कंत्राटावर घेतलाय. डिप्लोमावाला, कामाला वाघ, बोलायला मात्र गाय. तो बिचारा गेला आणि केंद्रातली प्रत्येक केबल दोन्ही टोकांनी कापून परत क्रिम्प करून आला. मी गेलो तेव्हा टेबलावर दुधाच्या सॅम्पलच्या बाटल्यांशेजारी कापलेल्या आरजे-45 प्लगचा ढीग पडलेला. त्यातला एक उचलून उजेडात धरला. तारांच्या रंगांचा क्रम बरोब्बर: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा टोकाला भिडलेल्या, वरचं आवरण क्लिपच्या आत दाबलेलं. बाळ्या, तुझ्या हातचं इतकं स्वच्छ क्रिम्पिंग मी जन्मात पाहिलेलं नाही. (माझं टूल अजून तुझ्याकडेच आहे, हेही या निमित्ताने.)

तिथे एक म्हातारा डायरी घेऊन उभा होता, रोजचं दूध पेनाने लिहिलेली. मला म्हणाला, "सायेब, हितनं आकडं वर जात्यात, मग वरनं खाली काय आडतंय?" अख्ख्या संघात नेमका प्रश्न विचारणारा हा एकटाच.

रात्री सर्व्हरच्या पोर्टवर येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट टिपणारा कॅप्चर लावला आणि केंद्रातल्या ऑपरेटरला बिल उघडायला सांगितलं. सिन गेलं, सिन-अ‍ॅक आलं, अ‍ॅक गेलं, जोडणीची गळाभेट व्यवस्थित. केंद्राची मागणी आली, तीही लहानशी. मग सर्व्हरने पहिलं भरलेलं पॅकेट सोडलं, पुरतं 1500 बाइटचं, डोक्यावर डीएफचा बिट, म्हणजे वाटेत माझे तुकडे करायचे नाहीत. पोच नाही. थोडं थांबून तेच पॅकेट परत. मग दुप्पट थांबून परत. वायरशार्कमध्ये, टिपलेली पॅकेट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, परत पाठवल्याच्या काळ्या पट्ट्यांची रांग लागलेली. लॉगिनची उत्तरं चिमुकली, ती सहीसलामत जात होती. बिलाची यादी मोठी, ती तेवढी मरत होती.

मग सर्व्हरवरून पिंगला वजन देऊन पाहिलं. 1472 टाकलं, त्यावर आयसीएमपीच्या (पिंग आणि नेटवर्कचे निरोप ज्यातून जातात तो प्रोटोकॉल) हेडरचे 8 बाइट आणि आयपीच्या हेडरचे 20, झाले 1500. गेलं नाही. कमी कमी करत आलो. 1372 ला गेलं, 1373 ला अडलं. म्हणजे वाट 1400 ची. टनेलला आपणच एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, 1400 दिलाय, वेष्टनाचे हेडर आणि ब्रॉडबँडच्या पीपीपीओईचे 8 बाइट मावावेत म्हणून. त्यात काही चूक नाही. जगात सगळीकडे टनेल असेच चालतात. मोठं पॅकेट आलं आणि तुकडे करायची मनाई असली, की राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपी टाइप 3, कोड 4 चा निरोप धाडतो: एवढं मावत नाही, 1400 चं पाठव. 1990 मध्ये आरएफसी 1191 या इंटरनेटच्या मानक-कागदात मोगल आणि डीअरिंगनी हेच तर लिहून ठेवलंय.

आपला राउटरही निरोप धाडत होता. इमानेइतबारे. पण राउटर आणि सर्व्हरच्या मध्ये फायरवॉल आहे आणि तिथे मागच्या ऑडिटच्या वेळी एक नियम घातलेला: आयसीएमपीमध्ये पिंग आणि त्याचं उत्तर तेवढं सोडा, बाकी सगळं टाका. दारावरचा वॉचमन "कसे आहात, बरे आहात" विचारणाऱ्याला आत सोडतो आणि "तुमच्या घराला आग लागलीय" सांगायला आलेल्याला हाकलतो, तसला प्रकार. लीज लाइन होती तोवर इथून तिथवर 1500 च होतं, निरोप द्यायची वेळच आली नाही, नियम गप्प पडून होता. केंद्राच्या बाजूला मध्ये फायरवॉल नाही, तिकडचा राउटर तिकडच्या पीसीला थेट सांगतो, पीसी निमूटपणे लहान पॅकेट पाठवतो. म्हणून फोटो चढतो आणि बिल उतरत नाही. म्हाताऱ्याला हेच उत्तर द्यायचं होतं, पण कसं देणार?

आता तू सांग, तुझी ती जुनी ओळ कुठे गेली? "आयसीएमपी म्हणजे चोरदरवाजा, सरसकट बंद करून टाका." मावशींच्या खानावळीत दोन ताटं गार होईपर्यंत भांडलो होतो आपण. तू पिंग ऑफ डेथ काढलंस, मी म्हटलं ते 1996 चं भूत, 65535 बाइटच्या वरचं पॅकेट जोडताना कोसळणाऱ्या सिस्टिम कधीच दुरुस्त झाल्या. तू मग स्मर्फ काढलंस, अख्ख्या नेटवर्कला एकदम पिंग मारून उत्तरांचा पूर भलत्याच्याच अंगावर सोडणारा हल्ला. मी म्हटलं, त्यासाठी ब्रॉडकास्टचं पिंग बंद कर की, निरोप्यांनी काय घोडं मारलंय? शिंदे सर मध्ये पडले नसते तर तू आमटीची वाटी फेकलीच असतीस. तर बाळासाहेब, तुमच्याच पंथाचा एक ऑडिटर येऊन हे करून गेलाय. बिल तुझ्या नावावर फाडतोय. आणि हाच नियम उद्या आयपीव्ही6 वर, आयपीच्या नव्या आवृत्तीवर, डकवला तर? तिथे मधला राउटर तुकडे करतच नाही, निरोपावरच सगळी मदार. पण ते जाऊ दे.

दुरुस्ती काय, दोन मिनिटांची. फायरवॉलला हात लावायचा तर साहेबांची लेखी परवानगी लागते, म्हणून मी राउटरवर एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती डेटा तो आकडा, 1360 ला बांधला (1400 वजा हेडरचे 40). सिनमध्ये दोन्ही बाजू "मी 1460 पर्यंत घेतो" म्हणतात, राउटर मध्येच तो आकडा बदलून 1360 करतो, मग कुणी मोठं पाठवतच नाही. बिल धाडकन उघडलं.

आणि इथे घोळ झाला. त्याच दुपारी सुहासने साहेबांच्या हुकमावरून स्विचपासून राउटरपर्यंत नवी केबलही टाकली होती. संध्याकाळी केंद्रातून फोन आला, बिलं निघाली. साहेब खूश. "बघा, केबलच होती!"

आता माझ्या टेबलावर अहवाल आहे. टाइप झालेला, सहीची जागा मोकळी. "केंद्रातील सदोष केबलिंगमुळे सेवा खंडित झाली. संबंधित कंत्राटी कर्मचाऱ्याचा करार 31 मार्चनंतर पुढे न वाढविण्याची शिफारस." खाली माझं नाव. साहेबांनी सांगितलं, "फक्त फॉर्मॅलिटी आहे." फायरवॉलचं नाव काढायचं तर ऑडिटरने सुचवलेला नियम आणि त्यावर साहेबांची मंजुरी, दोन्ही उघड्यावर येतं. ते कुणाला नकोय.

मी साहेबांना कॅप्चर दाखवायला गेलो होतो. पहिली ओळ बघितली आणि म्हणाले, "हे मला नका दाखवू, पिंग जात होतं की नाही ते सांगा." काय बोलणार? जात होतं. पिंगचं पॅकेट मुळात चिमूटभर, आत जेमतेम 32 बाइटचा मजकूर, ते कुठूनही निसटतं. पिंग जातं म्हणजे वाट आहे एवढंच कळतं, वाट किती रुंद हे नाही. हे मी बोललो, तर "तुम्ही फार टेक्निकल होता" असं ऐकून बाहेर आलो.

सुहासला अजून माहीत नाही. तो परवा विचारत होता, "सर, माझ्या कुठल्या टोकात चूक होती?" त्या पोराने स्वतःच्या खिशातून टेस्टर घेतलाय, रात्री कापलेले तुकडे तपासत बसतो म्हणे. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. बहिणीचं लग्न ठरलंय त्याच्या, करार गेला तर काय, हे त्याने विचारलंही नाही.

सही न करता कागद दाबून ठेवता येईल, मार्च संपेपर्यंत. पण दाबला तरी करार आपोआपच संपतो, त्यासाठी अहवालही लागत नाही. आणि एप्रिलमध्ये बाकीची केंद्रं हलली की जिथे जिथे एमएसएस बांधायचं राहील तिथे हेच होणार, तिथेही कुणीतरी पोरगं केबल कापत बसणार. शिवाय एमएसएस टीसीपीपुरता, म्हणजे आधी गळाभेट करून चालणाऱ्या जोडणीपुरता. यूडीपीवर, जिथे तशी गळाभेटच नसते, काही मोठं चाललं तर तेही अडेल.

तर मी ठरवलंय असं. सही करणार नाही. माझी वेगळी टिपणी लावणार, कॅप्चरच्या छापील पानांसकट, आणि साहेबांना म्हणणार, जुनी केबल परत लावा. बिल उघडेल. मग केबल तशीच ठेवून मी एमएसएस काढतो. बंद पडेल. मग फायरवॉलमध्ये फक्त टाइप 3, कोड 4 सोडा. परत उघडेल. पाच मिनिटांचा खेळ, संचालकांपैकी कुणाला तरी समोर बसवून. तो डायरीवाला म्हातारा आला तर फारच बरं. साहेब माझ्यावर डूख धरतील, धरू देत. प्रमोशन तसंही तुझ्या लग्नापासून अडकलंय.

टिपणी तुला पाठवतोय. माझं मराठी असल्या कागदात सरकारी होत नाही, तुझं होतं. "निदर्शनास आणून देण्यात येते" वगैरे घाल. साहेबांच्या मंजुरीचं वाक्य आहे त्यावर खूण केलीय, ते ठेवू की "तत्कालीन निर्णयानुसार" म्हणून झाकू ते सांग. मला ठेवावंसं वाटतंय. तू झाकायला सांगशील, तुझा स्वभावच तो.

बाकी तुझं काय? मोहोर टिकला का? अण्णांचा गुडघा? वहिनींची बदली झाली की अजून फाइल फिरतेय? धाकटीला दहावीसाठी शुभेच्छा, तिला म्हणावं गणिताला बाबांना काही विचारू नकोस.

उत्तर शुक्रवारच्या आत दे. सोमवारी साहेब कागद मागणार आहेत.

तुझा,
दिग्या

ता.क. शिंदे सरांना यातलं काही बोलू नकोस. ते लगेच साहेबांना फोन लावतील आणि मदत म्हणून सगळं नासवतील.