पांघरूण घेऊन बस

प्रिय मित्रा,

तुझी ट्रेकच्या सामानाची यादी वाचली आणि लगेच लिहायला बसलो. यादीत पिसांची क्विल्ट, म्हणजे स्लीपिंग बॅगऐवजी घ्यायचं पांघरूण आहे आणि वर ३५० ग्रॅमचं डाऊन, म्हणजे पिसं भरलेलं जॅकेटही. जॅकेट घालणार कधी? चालताना तर घाम येतो. राहिले मुक्कामावरचे झोपेआधीचे दोन तास आणि पहाटेचा अर्धा तास. नेमकी त्याच वेळी क्विल्ट सॅकमध्ये दाबून पडलेली असते! अरे, पांघरूण ते, बसूनही पांघरता येतं.

मुक्कामी पोचलास की अंग गरम आहे तोवर तंबू ठोकून घे, पाणी भरून ठेव. घामाचा शर्ट बदल, कारण तो ओलावा पिसांत उतरतो. मग क्विल्ट काढून झटक आणि फुलू दे. ऊब असते ती पिसांत अडकलेल्या हवेची. मानेकडचं बटण गळ्याशी लाव, दोरी हलकेच आवळ, पायाकडचा भाग मांडीवर ओढून घे आणि घडी घातलेल्या मॅटवर बस. वारा खालून शिरतो, त्यासाठी कमरेला पट्टा बांध, पण सैल. आवळलास तर पिसं दबतात. काही क्विल्टना मधोमध डोकं घालायची चीर असते. ती मला फार आवडते, हात मोकळे राहतात.

फक्त स्वयंपाक करताना क्विल्ट अंगावर नको, हे मनापासून सांगतो. एकदा मी स्टोव्हवरचं भांडं उतरवायला वाकलो आणि कड ज्योतीला लागली. पातळ नायलॉन क्षणात वितळलं, अंगठ्याएवढं भोक पडलं, पिसं वाऱ्यावर उडाली. ते चिकटपट्टीने बुजवेपर्यंत माझे हात थरथरत होते. जॅकेट भिजलं तर अंथरुणात शिरता येतं. क्विल्ट भिजली किंवा जळली तर अख्खी रात्र गेली. म्हणून स्टोव्ह विझेपर्यंत फ्लीस, म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाचं जॅकेट, आणि रेनकोटच बरा. दंव पडू लागलं की आडोशाला जा. दुपारच्या विसाव्याला क्विल्टला ऊन दाखव.

सतत पावसाचे दिवस असतील तर सिंथेटिक भरणाची क्विल्ट घे, ती ओली झाली तरी बरीच ऊब धरते. आणि क्विल्ट जेवढी थंडी सोसते त्या मर्यादेपर्यंत पारा उतरणार असेल, तर जॅकेट खुशाल ने. ते घालून झोपताही येतं.

निघण्याआधी एक संध्याकाळ उघड्यावर क्विल्ट गुंडाळून बसून बघ आणि वारा कुठून लागला ते मला कळव.

तुझाच,
जुना सोबती